मुलुंडचं घर पहिल्यांदाच भाड्याने देतेय, काय काय सांभाळू?

अनघा_पूर्व
नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला आमचा वन बीएचके आहे. ४१० चौरस फूट कार्पेट, तिसरा मजला, लिफ्ट, स्टेशन चालत दहा मिनिटं. गेल्या महिन्यात आम्ही ठाण्याला राहायला आलो आणि ते घर रिकामं झालं. एजंट म्हणतो ३२ हजार सहज येतील.

बाबांना हे अजिबात मान्य नाही. त्यांचं लहानपण गिरगावच्या चाळीत गेलं. "कुलूप लावून ठेव. भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही," एवढं एकच वाक्य ते रोज जेवताना ऐकवतात. घर माझ्या आणि त्यांच्या दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे त्यांना डावलून काही करता येणार नाही आणि करायचंही नाही.

नवऱ्याचं दुसरंच टोक. तो म्हणतो, कर्ज काढून आणखी एक छोटा फ्लॅट घेऊ, तोही भाड्याने देऊ, हप्ता भाड्यातून फिटेल. मला दोघांचंही पटत नाहीये आणि दोघांना द्यायला उत्तरही नाहीये. ज्यांनी मुंबईत घर भाड्याने दिलंय किंवा भाड्याने राहिलेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चहा_आणि_खारी
आधी एवढंच सांगतो, कुलूप लावून ठेवू नका. आम्ही आईचं घर सतरा महिने बंद ठेवलं होतं. पहिल्या पावसाळ्यानंतर उघडलं तर कपाटाच्या आतल्या बाजूला हिरवी बुरशी, गाद्यांना वास, आणि मोरीच्या जाळीतलं पाणी आटल्यामुळे तिथून झुरळं वर आलेली. गीझरही गेला. मेंटेनन्स तर दर तिमाहीला भरतच होतो. माणूस राहिला की घर राहतं.

कलम_चोवीस
मी भाडेपट्ट्यांचीच कामं करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

अनघाताई, तुम्ही घर "भाड्याने" देत नाही, लीव्ह अँड लायसन्सवर देता. बोलताना आपण भाडंच म्हणतो, पण कागदावर तुम्ही लायसन्सर आणि समोरचा लायसन्सी. त्याला ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी मिळते, घरात हक्क निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २४ याच्यासाठीच आहे. मुदत संपूनही तो गेला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत त्याला बचावासाठी परवानगी मागावी लागते, नाहीतर तुमचं म्हणणं मान्य झालं असं धरतात.

या सगळ्याचा पाया म्हणजे करार. कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती केली नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" असं एजंट सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. सहा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागते.

खर्च घाबरण्यासारखा नाही. ३२ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, बारा महिने धरा. भाड्याचे ३,८४,०००, त्यात परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के म्हणजे १०,०००. एकूण ३,९४,००० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ९८५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी हाताळणी शुल्क आणि करणाऱ्याची मजुरी. हल्ली माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, आधारवर सगळं होतं. बाबांचाही अंगठा लागेल, कारण तेही मालक आहेत. त्यांना त्या दिवशी आवर्जून बसवा आणि करार वाचून दाखवा. निम्मी भीती तिथेच जाईल.

गिरगाव_ते_गोराई
@कलम_चोवीस, कायदा तुम्ही बरोबर सांगितलात, पण अनघाच्या बाबांची भीती हवेतली नाही, हेही कुणीतरी सांगायला हवं.

१९४७ चा मुंबई भाडे कायदा आला आणि चाळींची भाडी जिथे होती तिथे गोठली. आमच्या मालकाला आमच्या दोन खोल्यांचे महिन्याला जे पैसे मिळायचे त्यात पुढे पुढे जिन्यातला दिवासुद्धा बदलून झाला नसता. म्हणून तो दुरुस्ती करायचा नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून आमचं त्याच्याशी भांडण. यातून सुटायला मालक लोक लीव्ह अँड लायसन्सवर जागा द्यायला लागले, तर १९७३ मध्ये कायदा बदलला. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. माझ्या मावशीच्या यजमानांनी दादरची खोली "दोन वर्षांसाठी" दिली होती, ती त्यांच्या हयातीत परत मिळाली नाही. त्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिलंय. बाबांना "तुमचे विचार जुने" असं म्हणू नका. आज कायदा वेगळा आहे, हे त्यांना कागदावर दाखवा.

अनघा_पूर्व
गिरगाव_ते_गोराई, तुमचा प्रतिसाद आत्ता बाबांना वाचून दाखवला. १९७३ म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला. "हा माणूस आपल्याकडचा दिसतो," म्हणाले. :)

सोसायटीचा_सेक्रेटरी
अकरा वर्षं कमिटीत आहे, उपनगरात. सोसायटीची बाजू मांडतो.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, घर लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, पण आधी कळवावं लागतं. नोंदणीकृत कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. लोक सामानाचा टेम्पो गेटवर आल्यावर फोन करतात आणि मग वॉचमन अडवतो म्हणून चिडतात. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं टाळू नका. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर फॉर्म भरता येतो, नाहीतर पोलीस ठाण्यात जाऊन देता येतो. ती दिली नाही तर गुन्हा मालकावर नोंदवला जातो.

दुसरं, बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते. सेवाशुल्काच्या दहा टक्के, त्याहून एक रुपया जास्त नाही. २००१ च्या शासन आदेशात हे आहे. सेवाशुल्काच्या, हे लक्षात घ्या, सगळ्या बिलाच्या नाही. बिलात पालिकेचा कर, सिंकिंग फंड, पार्किंग असं बरंच असतं, त्यावर दहा टक्के लावायचे नाहीत. घरात आई-वडील, मुलगा, लग्न झालेली मुलगी, भाऊ-बहीण राहत असतील तर हे शुल्क नाहीच.

निळी_छत्री
@सोसायटीचा_सेक्रेटरी, आमच्याकडे "भाडेकरू चार्ज" म्हणून महिन्याला अडीच हजार लावले होते. सेवाशुल्क होतं २,८००. म्हणजे २८० रुपये घ्यायला हवेत तिथे नऊपट! मी आदेशाची प्रत जोडून दोन पत्रं दिली, उत्तर नाही. मग सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार दिली. पुढच्या बिलात जास्तीची रक्कम वळती होऊन आली. भांडण नको म्हणून गप्प बसलेले चौदा जण होते, त्या सगळ्यांचे पैसे परत मिळाले. पत्र लेखी द्या आणि पोच घ्या, एवढंच.

आकडेमोड
आता नवऱ्याच्या योजनेकडे येतो, कारण खरी जोखीम तिथे आहे.

तुमच्यासारखंच घर आज विकत घेतलं आणि ते सव्वा कोटीच्या जरा खाली, १ कोटी २० लाखांना पडलं असं धरू. भाडं ३२ हजार, वर्षाचे ३,८४,०००. म्हणजे ३.२ टक्के. त्यातून मेंटेनन्स महिना ४,५०० धरून ५४,००० गेले. भाडेकरू बदलला की एजंटला एक महिन्याचं भाडं, ३२,०००. उरले २,९८,०००. अडीच टक्क्यांच्या आत. यात रंग, प्लंबर आणि दोन भाडेकरूंच्या मधले रिकामे दिवस धरलेलेच नाहीत. गृहकर्ज आठ टक्क्यांच्या आसपास धरा. अडीच टक्क्यांनी आठ टक्के कसे फिटणार? हप्ता भाड्यातून फिटत नाही. हप्त्याला भाड्याचा हातभार लागतो, बाकीचा पगारातून जातो.

कराचंही नीट समजून घ्या. भाड्याच्या उत्पन्नातून तुम्ही भरलेला पालिकेचा कर वजा होतो आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग प्रत्यक्ष दुरुस्ती केली असो वा नसो. तुमच्या हिशेबात ३,८४,००० मधून १,१५,२०० वजा, राहिले २,६८,८००, ते तुमच्या आणि बाबांच्या हिश्श्याप्रमाणे दोघांच्या उत्पन्नात धरायचे. मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही, तो त्या ३० टक्क्यांतच आला. कर्ज असेल तर व्याज वजा होतं, पण नव्या करप्रणालीत त्यातून आलेला तोटा पगाराविरुद्ध वळवता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंत येतो. बरेच जण ही गोष्ट घर घेऊन झाल्यावर सीएकडून ऐकतात.

एक चांगली बातमी: ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबई महापालिकेने १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ केलाय. तुमचं ४१० आहे. बिलात तो लागून येतोय का ते बघा.

विटा_आणि_वाळू
आकडेमोड, तुमचं गणित भाड्यापुरतं बरोबर, पण घराची किंमत वाढते ती कुठे धरली? मी २००९ मध्ये कांदिवलीला घेतलेल्या घराची किंमत आज तिपटीच्या वर आहे. हप्ता भरताना ओढाताण झाली, पण तोच हप्ता बँकेत टाकला असता तर मी मध्येच मोडून खाल्ला असता. माझ्यासारख्या माणसाला घरच साठवण शिकवतं.

आकडेमोड
विटा_आणि_वाळू, तुमच्या बाबतीत ते खरं आहे आणि तुम्ही निभावलंत याचं कौतुक आहे. पण २००९ ला तुमचा हप्ता पगाराच्या किती होता, आणि तुमच्यावर अवलंबून कोण होतं? भाडं दोन महिने बंद पडलं तरी झोप लागेल, एवढाच हप्ता असावा. त्याच्या वर मी कुणालाही हो म्हणणार नाही. सोळा वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला सात टक्केच होतात, हेही एकदा कागदावर मांडून बघा.

विटा_आणि_वाळू
मांडलं. सात टक्के येतायत. वर भाडंही मिळालं म्हणा, पण व्याजही गेलं. यावर नंतर शांतपणे बोलू.

बारा_वर्षं_नऊ_घरं
मी भाडेकरू. मूळ सांगली जिल्ह्यातली, मुंबईत बारा वर्षं, नववं घर. आमच्या बाजूनंही कुणीतरी लिहायला हवं.

पहिल्या दिवशी मालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून घराचे फोटो काढा. सगळ्या भिंती, खिडक्या, ओटा, नळ, पंखे, मीटरचं रीडिंग. तारखेसकट दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. मी हे का सांगतेय तर आमच्या पाचव्या घरी ओट्याच्या ग्रॅनाइटला कडेला चीर होती. आधीच्या कुणीतरी कडेवर नारळ फोडला असणार, तशीच बोटभर, बाहेरून आत गेलेली. मला ती राहायला गेल्यावर आठवड्याने पीठ पुसताना लागली, कारण पीठ तिच्यात अडकून बसायचं. बोलले नाही, म्हटलं कशाला. सोडताना मालकांनी डिपॉझिटमधून अठरा हजार कापले, पूर्ण ओटा बदलायचा म्हणून. माझ्याकडे फोटो नव्हता. माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच वाटत होतं की ते मी केलं.

आत्ताचे मालक अगदी वेगळे. पंखा बंद पडला तर म्हणतात, "दुरुस्त करून घ्या, पावती पाठवा, भाड्यातून वजा करा." सहा वर्षं झाली. दर वर्षी पाच टक्के वाढ, न मागता एक तारखेला जमा. बाजारात या घराला माझ्याहून तीन हजार जास्त मिळतील हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. म्हणून मी हे घर माझ्या घरासारखं ठेवते.

आकडेमोड
हे वाचून माझं गणित पूर्ण झालं. तीन हजार जास्त म्हणजे वर्षाला ३६ हजार. भाडेकरू बदलला की एजंट, एक रिकामा महिना आणि रंग मिळून त्याच्या दुप्पट जातात.

पश्चिमेची_भिंत
पावसाळ्याबद्दल कुणी बोललं नाही. भाडेकरू ठेवायच्या आधी एकदा भिंती बघून घ्या, विशेषतः पश्चिमेच्या आणि बाथरूमच्या पलीकडच्या. बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून पाणी येत असेल तर ते सोसायटीचं काम. वरच्या घराच्या बाथरूममधून येत असेल तर वरचा सभासद आणि तुम्ही. हे भांडण तुमचं आहे, भाडेकरूला त्यात घालू नका. आमच्याकडे भाडेकरूच्या बाळाचा पाळणा ओल्या भिंतीला लागून होता आणि मी "सोसायटीला कळवलंय" म्हणत जून आणि जुलै काढले. बाळाला खोकला झाला. शेवटी मी स्वतः पैसे घालून काम करून घेतलं आणि सोसायटीकडून नंतर वसूल केले. ते आधीच करायला हवं होतं, हे अजून टोचतं.

कोकणकन्या_१०१११
एजंट एक विचारेल: "बॅचलर चालतील का, नॉनव्हेज चालेल का." उत्तर द्यायच्या आधी थांबा. मी याच शहरात, मराठी असून, मासे खाते म्हणून तीन घरं नाकारली गेलेली ऐकून घेतलीयत. तिसऱ्या वेळी आई बरोबर होती. खाली आल्यावर ती काहीच बोलली नाही, फक्त पर्समधल्या बाटलीतून पाण्याचा घोट घेतला. घर तुमचं आहे, निवड तुमची आहे, पण नोकरी, पगार आणि आधीच्या मालकाचा अनुभव बघून निवडा.

सोसायटीचा_सेक्रेटरी
कोकणकन्या, पूर्ण सहमत. आमच्या सोसायटीत "बॅचलर नकोत" असा ठराव आणायचा प्रयत्न झाला होता, मी विरोध केला. इमारतीतला सगळ्यात मोठा गोंधळ आजवर मालकांच्याच वाढदिवसाच्या पार्ट्यांत झालाय, आणि एवढ्या वर्षांत रक्त लागलं म्हणून रात्री दीडला धावलेली तीन मुलं भाडेकरू होती.

अनघा_पूर्व
किती मनापासून लिहिताय सगळे. एक नवीन प्रश्न. एजंटने आज सांगितलं, एक कुटुंब हेवी डिपॉझिटवर तयार आहे. १५ लाख एकरकमी, भाडं जवळपास नाहीच, तीन वर्षं. नवरा म्हणतोय त्या पैशांत नव्या घराचं डाउन पेमेंट निघेल.

कलम_चोवीस
नको. अनघाताई, ते १५ लाख तुमचे नाहीत, तीन वर्षांनी एका दिवसात परत द्यायचे आहेत. ते डाउन पेमेंटमध्ये गेले तर त्या दिवशी कुठून आणणार? आणि पैसे परत मिळेपर्यंत तो घर सोडणार नाही, आणि त्याचं चूक असणार नाही. बाबांची "शिरला की निघत नाही" ही भीती आजच्या काळात खरी होते ती नेमकी अशा व्यवहारात. हेवी डिपॉझिट घेणारे सगळे बुडतात असं नाही, पण ते पैसे जसेच्या तसे मुदत ठेवीत ठेवणाऱ्यानेच घ्यावं.

दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट पुरेसं आहे. करारात नोटिशीचा काळ, लॉक-इन (म्हणजे ठरावीक काळ करार मोडायचा नाही ही अट) असेल तर दोघांना सारखं, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि किरकोळ-मोठी दुरुस्ती कुणाची, एवढं स्पष्ट लिहा. भाडं बँकेतूनच घ्या. मुदत संपायच्या दोन महिने आधी नव्या कराराचं बोला. करार संपून तसंच चालू ठेवणं, ही माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांतली सगळ्यात मोठी चूक.

दुबईहून_दादरकर
जाता जाता, मालक परदेशात राहत असेल तर भाडं कितीही असलं तरी भाडेकरूला कर कापून भरावा लागतो. भारतात राहणाऱ्या मालकाला महिना ५० हजारांच्या वर भाडं असेल तरच, आणि तो आता दोन टक्के. माझ्या भाडेकरूला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, नोटीस त्याला आली. दंड मी भरला.

अनघा_पूर्व
धागा सुरू करून तीन आठवडे झाले, म्हणून काय झालं ते लिहिते.

हेवी डिपॉझिट नाही म्हटलं. दुसरं घर घ्यायचं निदान दोन वर्षं तरी थांबलं. नवऱ्याने आकडेमोड यांचा प्रतिसाद स्वतःच एक्सेलमध्ये मांडला आणि रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटला.

घर एका जोडप्याला दिलं. ती नर्स आहे, तो भांडुपला एका कारखान्यात, सहा वर्षांचा मुलगा. ३०,५००, एक लाख डिपॉझिट, २२ महिने, अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ. एजंट ३२ म्हणत होता, पण मुलाची शाळा तिथेच आहे, ते लवकर हलणार नाहीत. बेडरूमच्या भिंतीला ओल निघाली, ती आधी करून घेतली. महावितरण आणि पाइप गॅसच्या बिलांचा फोटो आणि मीटरचं रीडिंग, सगळं दोघांच्या फोनवर आहे. ओट्याच्या चारही कडांचे फोटो मी स्वतः काढले, बारा_वर्षं_नऊ_घरं यांची आठवण काढून.

करार आमच्या ठाण्याच्या घरीच झाला. अंगठा लागत नव्हता बाबांचा, वयामुळे रेषा पुसट झाल्यात. चौथ्या वेळी लागला. त्यांनी अख्खा करार मोठ्याने वाचला, मुदत संपल्यानंतरच्या दुप्पट रकमेच्या अटीशी थांबले, आणि मग त्या मुलाकडे बघून विचारलं, "तू कुठल्या शाळेत?" निघताना त्यांना सांगत होते की बाल्कनीतला कढीपत्ता आमचा आहे, पण लागेल तेवढा तोडा, फक्त मे महिन्यात दोन वेळा पाणी घाला.

आता एक बारीकसा प्रश्न राहिला. आमचं फर्निचर, म्हणजे एक कपाट आणि ट्रॉली, करारात यादी म्हणून जोडायचं राहून गेलं. आता काही करता येईल का?

कलम_चोवीस
येईल. साध्या कागदावर यादी करा, त्यावर तारीख आणि सगळ्यांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत. फोटो आहेतच. पुढच्या कराराच्या वेळी परिशिष्टात घाला. आणि कढीपत्ताही यादीत लिहा, बाबांना बरं वाटेल.